‘मध्यम’ म्हणजे नक्की किती? ट्रेकची श्रेणी वाचायची कशी

दोन सहलींची माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवा. एक स्पेनमधल्या कामिनो दे सान्तियागो या यात्रामार्गाची. रोज वीस-पंचवीस किलोमीटर चाल, संध्याकाळी गावात मुक्काम, चढउतार बहुतेक दिवस बेताचे. दुसरी नेपाळमधल्या एव्हरेस्ट बेस कॅम्पची. रोजची चाल आठ-दहा किलोमीटर, कधी त्याहून थोडी जास्त, पण शेवटचा मुक्काम पाच हजार मीटरच्या वर. या दोन्हींवर ‘मध्यम’ असा शिक्का सापडू शकतो आणि तो मारणारा खोटं बोलत असतो असंही नाही. फरक एवढाच की पहिल्या सहलीत माणसाला तळपायाचे फोड रडवतात आणि दुसरीत डोकेदुखी. एकीसाठी केलेली तयारी दुसरीच्या फारशी कामी येत नाही.

असं होतं कारण श्रेणी ही बेरीज आहे, आणि बेरीज झाली की तिच्यातले आकडे दिसेनासे होतात. अंतर, चढ, उतार, वाटेचा पोत, समुद्रसपाटीपासूनची उंची, सलग किती दिवस चालायचं, पाठीवर ओझं किती, अडचण आली तर मागे फिरता येतं का, या सगळ्याची गोळाबेरीज करून कंपनी ‘पाचपैकी तीन’ म्हणते किंवा बुटांची तीन चित्रं छापते. वाचणाऱ्याचं काम नेमकं उलटं. त्या तीन बुटांचे पुन्हा तुकडे करायचे आणि आपल्याला कुठला तुकडा जड जाणार ते शोधायचं.

त्यात एका कंपनीचा ‘तीन’ दुसऱ्या कंपनीच्या ‘तीन’शी जुळेलच असं नाही. सहलींच्या श्रेणीला जगभर मान्य असलेलं माप नाही. प्रत्येक कंपनी आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाकडे बघून पट्टी आखते. जी मुख्यतः सहा-सात हजार मीटरच्या शिखरांच्या मोहिमा नेते, तिला बेस कॅम्पचा ट्रेक मध्यम वाटतो. जी एरवी शहरं आणि राजवाडे दाखवते, तिच्या यादीत तोच ट्रेक सगळ्यात अवघड ठरतो. म्हणून दोन कंपन्यांच्या श्रेणी एकमेकींशी ताडून बघण्यात वेळ घालवू नये. एकाच कंपनीच्या दोन सहलींची तुलना मात्र कामाची असते, त्यातही तुम्ही त्यांची एखादी सहल आधी केलेली असेल तर फारच.

दोन जातीची मापं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. काही श्रेण्या वाट किती अवघड आहे ते सांगतात, काही श्रेण्या सहल किती दमवणारी आहे ते सांगतात. दिसायला दोन्ही आकडेच, पण मोजतात वेगळंच काहीतरी.

वाट मोजणाऱ्या मापांमध्ये स्विस आल्पाइन क्लबची टी१ ते टी६ ही श्रेणी बरीच प्रसिद्ध आहे. टी१ म्हणजे चांगली आखलेली, रुंद, पडण्याचा धोका जवळजवळ नसलेली वाट. टी२ला सलग वाट असते, पण चढ मधूनमधून तीव्र होतो आणि पाय जपून टाकावा लागतो. टी३ला काही ठिकाणी दोर किंवा साखळ्या लावलेल्या असू शकतात, तोल सांभाळायला हात टेकावा लागतो. टी४पासून वाट काही ठिकाणी नाहीशी होते आणि हात खरोखर वापरावे लागतात. टी६पर्यंत पोचलात की ते चालणं उरत नाही, कातळ चढणं होतं. स्वित्झर्लंडमध्ये या पायऱ्या पाट्यांच्या रंगावरूनही कळतात: पिवळी पाटी साध्या वाटेची, पांढरा-लाल-पांढरा पट्टा डोंगरवाटेचा, पांढरा-निळा-पांढरा पट्टा अनुभवी लोकांच्या वाटेचा.

अमेरिकेत योसेमिटी पद्धत चालते. क्लास १ म्हणजे चालणं. क्लास २ला कधीमधी हात टेकावा लागतो. क्लास ३ला हातांशिवाय पुढे जाता येत नाही. क्लास ४ला पडलं तर जिवावर बेतू शकतं आणि क्लास ५ म्हणजे दोर लावून करायचं प्रस्तरारोहण. ऑस्ट्रेलियात १ ते ५ अशी सरकारी पद्धत आहे. तिथे पहिल्या श्रेणीच्या वाटेवर पायऱ्या नसतात, कुणाची मदत असेल तर चाकाच्या खुर्चीतूनही जाता येतं, आणि अंतर ५ किलोमीटरच्या आत असतं. पाचवी श्रेणी नकाशावरून वाट काढता येणाऱ्या अनुभवी माणसांसाठी.

ऑस्ट्रेलियन पद्धत अंतरही जमेस धरते. स्विस आणि योसेमिटी या पद्धती मात्र मुख्यतः वाटेची अवघड जागा मोजतात, दमछाक मोजत नाहीत. तासाभराची छोटीशी वाट टी४ असू शकते आणि तीस किलोमीटरची रखरखीत तंगडतोड टी१. ‘टी२च आहे, म्हणजे सोपं’ असं म्हणून निघालेला माणूस सहाव्या तासाला घायकुतीला आला तर दोष मापाचा नाही. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. स्विस श्रेणी कोरडी वाट, चांगलं हवामान आणि नीट दिसत असेल असं गृहीत धरून दिलेली असते. पाऊस पडला, धुकं उतरलं किंवा खिंडीत जुना बर्फ राहिला की कागदावरची टी३ प्रत्यक्षात टी३ राहत नाही.

किलोमीटर सोडा, चढ बघा

माहितीपत्रक हातात आलं की नजर आधी अंतरावर जाते, कारण किलोमीटर आपल्या ओळखीचे असतात. डोंगरात त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. पेरूमधला इन्का ट्रेल साधारण ४३ किलोमीटरचा, चार दिवसांचा. भागाकार केला तर दिवसाला अकरा किलोमीटरही येत नाहीत, ऐकून हसू येतं. पण दुसऱ्या दिवशी सुमारे ३,००० मीटरवरून ४,२१५ मीटर उंचीच्या खिंडीपर्यंत, म्हणजे एका दमात बाराशे मीटर चढायचं असतं. त्यानंतर दगडी पायऱ्यांवरून पाचसहाशे मीटर उतरायचं असतं. त्या एका दिवसामुळेच तो ट्रेक लोकांच्या लक्षात राहतो.

हजार मीटर चढ म्हणजे किती, हे डोळ्यांसमोर आणायचं असेल तर तीन मीटरचा एक मजला धरून इमारतीचे तीनशे तेहतीस मजले मोजा. लिफ्ट नाही, पाठीवर सॅक.

हिशेबाचं सगळ्यात जुनं आणि अजूनही वापरात असलेलं सूत्र स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलं: दर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आजच्या मापात, ताशी पाच किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्तीचा. जर्मनीत वाटांवरच्या पाट्यांसाठी जे मानक आहे ते जरा सबुरीचं. त्यात सपाटीवर ताशी ४ किलोमीटर, चढाला ताशी ३०० मीटर, उताराला ताशी ५०० मीटर धरतात. मग आडव्या चालीचा वेळ आणि उभ्या चालीचा वेळ वेगवेगळे काढतात, त्यातला मोठा आकडा पूर्ण घेतात आणि लहान आकड्याचा निम्मा त्यात मिळवतात.

आता एक दिवस हातात घेऊन बघू. माहितीपत्रकात लिहिलंय: ‘१४ किलोमीटर, १,००० मीटर चढ, ९०० मीटर उतार.’ नेस्मिथच्या हिशेबाने आडव्या चालीला दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटं, चढाला एक तास चाळीस मिनिटं, एकूण साडेचार तासांच्या आतबाहेर. जर्मन पद्धतीने आडवी चाल साडेतीन तास. चढाला तीन तास वीस मिनिटं आणि उताराला एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं, म्हणजे उभी चाल पाच तास आठ मिनिटं. मोठा आकडा पाच-आठचा, त्यात साडेतीनचा निम्मा मिळवला की सहा तास त्रेपन्न मिनिटं. एकाच दिवसाचे दोन हिशेब, आणि दोघांत जवळजवळ अडीच तासांचा फरक! नेस्मिथ यांच्या डोळ्यांसमोर सराईत, तंदुरुस्त डोंगरी माणूस होता. सुट्टीत गटाबरोबर चालणाऱ्याने जर्मन हिशेब धरावा असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय या दोन्हींत थांबे धरलेले नाहीत. जेवण, फोटो, बुटातला खडा काढणं, मागे राहिलेल्याची वाट बघणं, असं सगळं धरलं तर तो दिवस आठ-साडेआठ तासांचा होतो. म्हणून कंपनीने ‘सहा ते सात तास चाल’ असं लिहिलं असेल तर त्यात विश्रांती धरली आहे की नाही, हे विचारून घ्यायलाच हवं.

चढाच्या आकड्यात एक फसवी जागा आहे. सकाळचं गाव १,२०० मीटरवर आणि संध्याकाळचं १,५०० मीटरवर असेल, तर चढ तीनशेच मीटर असं वाटतं. पण मधे डोंगराच्या दोन धारा ओलांडायच्या असतील, तर चढलेलं उतरायचं, पुन्हा चढायचं, आणि एकूण चढ सहज हजाराच्या वर जातो. बघायचा तो हा एकूण चढ. ‘कमाल उंची’ हा निराळा आकडा, त्याचं काम पुढे येईल. मोबाइलमधली अ‍ॅपही एकाच वाटेचा एकूण चढ वेगवेगळा दाखवतात, कारण लहानसहान वरखाली किती मोजायचं हे प्रत्येक अ‍ॅप आपल्या परीने ठरवतं. पन्नास-शंभर मीटरच्या फरकावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

चढाची तीव्रताही बघावी. आठशे मीटर चढ आठ किलोमीटरमध्ये पसरला असेल तर गप्पा मारत चढता येतं. तोच तीन किलोमीटरमध्ये असेल तर धाप लागून गप्पा आपोआप थांबतात.

उताराकडे कुणी बघतच नाही

चढ फुप्फुसांची परीक्षा घेतो, उतार मांड्या आणि गुडघ्यांची. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू शरीराचं वजन पेलत असतानाच ताणले जातात. एका अर्थी प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतात. अशा कामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ठणका लगेच कळत नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, नेमका तेव्हा पुढचा चढ समोर असतो. सायकल आणि पोहण्यावर तयार झालेल्या माणसांचा दम उत्तम असतो, पण हे ब्रेक लावायचं काम त्यांच्या पायांना ठाऊक नसतं.

हलका उतार चाल वाढवतो, तीव्र उतार ती तोडतो. ब्रिटिश गिर्यारोहक एरिक लँगम्युअर यांनी नेस्मिथच्या सूत्रात केलेली दुरुस्ती हेच सांगते: पाच ते बारा अंशांच्या उतारावर दर ३०० मीटरला दहा मिनिटं वजा करा, बारा अंशांहून तीव्र उतारावर तेवढीच मिनिटं मिळवा.

आफ्रिकेतल्या किलिमांजारोच्या शिखराचा दिवस याचं चांगलं उदाहरण आहे. मचामे मार्गाने जाणारे लोक ४,६०० मीटरच्या वर असलेल्या बराफू कॅम्पवरून मध्यरात्रीच्या सुमारास निघतात आणि ५,८९५ मीटरच्या उहुरू शिखरावर सकाळी पोचतात. सगळं बोलणं या बाराशे मीटरच्या चढाबद्दल होतं. पण बहुतेक गट त्याच दिवशी सुमारे ३,१०० मीटरवरच्या म्वेका कॅम्पपर्यंत उतरतात. म्हणजे रात्रभर जागून चढल्यावर जवळजवळ अठ्ठावीसशे मीटरचा उतार. गुडघे कुरकुरणारे असतील तर सहल निवडताना ‘एकूण चढ’ बघण्याआधी सगळ्यात मोठ्या उताराचा दिवस शोधा, आणि काठ्या दोन घ्या.

वाटेचा पोत आणि दृष्टिभय

सारखंच अंतर, सारखाच चढ, पण पायाखाली काय आहे यावर वेळ दुप्पट होऊ शकतो. मऊ मातीची पायवाट, मोठमोठ्या धोंड्यांतून उड्या मारत काढायची वाट, सुट्या खड्यांचा घसारा, ओल्या मुळांचं जंगल. कॉर्सिका बेटावरचा जीआर २० हा मार्ग जेमतेम १८० किलोमीटरचा, पण सहसा सोळा टप्प्यांत करतात. दिवसाला अकरा-बारा किलोमीटर पडतात आणि तरीही तो युरोपातल्या कठीण मार्गांमध्ये गणला जातो, कारण उत्तरेकडच्या भागात बराच काळ हातपाय दोन्ही वापरून कातळावरून जावं लागतं. तिथे किलोमीटर मोजून काहीच कळत नाही.

दृष्टिभय ही त्याहून वेगळी गोष्ट. वाट पाऊलभर रुंद, चालायला सोपी, पण एका बाजूला दरी. पायांना काही अवघड नसतं. डोकं मात्र मानत नाही. दम, ताकद, वय यांच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. मजबूत गडी अशा आडव्या वाटेवर जागच्या जागी थिजतो आणि बेताच्या तब्येतीची व्यक्ती गुणगुणत पार होते. सहलीच्या श्रेणीत ही बाब बहुधा नोंदलेलीच नसते, म्हणून ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी थेट विचारावं: वाटेवर अशा किती जागा आहेत, प्रत्येक जागा किती लांब आहे, साखळी किंवा कठडा आहे का, आणि ती टाळून दुसऱ्या वाटेने जाता येतं का? ‘काही नाही हो, सगळे जातात’ हे याचं उत्तर नव्हे.

उंची: इथे तब्येत चालत नाही

समुद्रसपाटीपासून वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो. ५,५०० मीटरच्या आसपास तो जवळजवळ निम्मा उरतो. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण तेच असतं, पण दाब घटल्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू निम्म्यावर येतो. साधारण २,५०० मीटरच्या पुढे काहींना विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो: डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, चक्कर, झोप न लागणं. ही लक्षणं पोचल्यापोचल्या येत नाहीत, काही तासांनी येतात. त्यामुळे दुपारी ठणठणीत असलेला माणूस रात्री पडून राहतो.

एक गैरसमज इथे पक्का बसलेला आहे. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्याला हा त्रास होणार नाही, असं लोक धरून चालतात. होतो. तंदुरुस्तीने चालण्याचे श्रम कमी होतात, विरळ हवेपासून संरक्षण मिळत नाही. उलट तरुण आणि दमदार मंडळी भराभर वर जातात आणि त्यामुळेच गोत्यात येतात. शरीराला वेळ देणं हाच मुख्य उपाय. डॉक्टरांच्या सल्ल्याने असिटाझोलामाइड हे विरळ हवेच्या त्रासावरचं औषध घेता येतं, पण ते वेळेची जागा घेत नाही. खोकला आणि बसल्या जागी धाप, किंवा चालताना झोक जाणं आणि बोलण्यात गोंधळ, ही फुप्फुसात किंवा मेंदूत सूज आल्याची चिन्हं असू शकतात. तेव्हा सकाळची वाट न बघता खाली उतरवायचं.

म्हणून उंचीच्या ट्रेकची श्रेणी वाचताना सगळ्यात आधी मुक्कामांच्या उंचीचा रकाना बघायचा. डोंगरी वैद्यकातली सर्वमान्य शिस्त अशी: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. दिवसा कितीही वर जाऊन या, झोपायला खाली आलं की झालं.

बेस कॅम्पच्या नेहमीच्या कार्यक्रमाला ही पट्टी लावून बघा. लुक्लाला विमान उतरतं ते सुमारे २,८६० मीटरवर. पहिला मुक्काम फाकदिंगला, सुमारे २,६१०, म्हणजे थोडं खालीच. दुसरा नामचे बाजारला, ३,४४०. एकदम आठशे तीस मीटरची उडी, म्हणूनच तिथे दोन रात्री असतात. मग तेंगबोचे ३,८६०, दिंगबोचे ४,४१० आणि पुन्हा तिथे दोन रात्री, पुढे लोबुचे सुमारे ४,९४०, गोरक शेप सुमारे ५,१६०. काही उड्या पाचशेच्या किंचित वर जातात आणि प्रत्येक मोठ्या टप्प्यापाशी एक दिवस थांबून ते फेडलेलं असतं. आता कुणी तुम्हाला हाच ट्रेक नामचे आणि दिंगबोचेचे जादा दिवस काढून, ‘कमी सुट्टीवाल्यांसाठी’ म्हणून विकत असेल, तर अंतर तेच, चढ तोच, बुटांची चित्रं तेवढीच, पण ती वेगळी आणि जास्त धोक्याची सहल आहे. किलिमांजारोचंही तसंच. पाच दिवसांचा कार्यक्रम स्वस्त पडतो, सात-आठ दिवसांच्या कार्यक्रमात शिखरावर पोचण्याची शक्यता बरीच जास्त असते. दिवस वाढले की ट्रेक सोपा होतो, हे पचनी पडायला अनेकांना वेळ लागतो.

बाकीचं थोडक्यात, पण सोडून देण्यासारखं नाही

सलग दिवस. पहिल्या दिवशीचे वीस किलोमीटर आणि सातव्या दिवशीचे वीस किलोमीटर सारखे नसतात. कामिनोचा प्रसिद्ध फ्रेंच मार्ग ७५० किलोमीटरहून लांब आहे. पूर्ण करायचा तर महिनाभर लागतो. एकेक दिवस घेतला तर त्यात भिण्यासारखं फार काही नाही. विश्रांतीचा दिवस कुठे ठेवला आहे ते बघा. नसेल तर का नाही, ते विचारा.

ओझं. सामान गाडीने, खेचरावर किंवा हमालाकडून पुढे जाणार असेल आणि तुमच्याकडे पाच-सहा किलोची छोटी सॅक असेल, तर ती एक सहल. तंबू, स्वयंपाकाचं सामान आणि झोपायची पिशवी घेऊन चौदा किलो पाठीवर असेल, तर वाट तीच असूनही श्रेणी एका पायरीने चढवून वाचावी.

वाट कोण काढणार. बरोबर वाटाड्या असेल तर डोकं मोकळं राहतं. नुसता नकाशा देऊन पाठवणाऱ्या सहली स्वस्त आणि मजेच्या असतात, पण धुक्यात तिठ्यावर उभं राहून निर्णय तुम्हालाच घ्यायचा असतो. ही जबाबदारी श्रेणीत क्वचितच मोजलेली असते.

मोसम. आल्प्समध्ये उंच खिंडींत जूनअखेरीपर्यंत, कधी जुलैतही बर्फ असतो. ऑगस्टमधल्या अनुभवावर लिहिलेली श्रेणी जूनच्या सहलीला जशीच्या तशी लावता येत नाही. तारखा बघून श्रेणी पुन्हा वाचा.

विचारायचं काय

जाहिरातीत दोन शब्दप्रयोग वारंवार येतात आणि दोन्ही नीट समजून घ्यायला हवेत. ‘नवख्यांसाठी योग्य’ याचा अर्थ बहुतेक वेळा दोर, बर्फाची कुऱ्हाड किंवा कातळ चढण्याचं कसब लागत नाही, इतकाच असतो. दम लागत नाही असा नव्हे. ‘सर्वसाधारण तब्येत पुरेशी’ याचा अर्थ मला आजवर नीटसा लागलेला नाही. सर्वसाधारण कुणाची? दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याची की डोंगरात गुरं वळणाऱ्याची? त्यापेक्षा ‘सलग चार दिवस, रोज सहा-सात तास, आठशे मीटर चढता येत असेल तर या’ असं लिहिणारी कंपनी मला जास्त भरवशाची वाटते.

म्हणून श्रेणीचा आकडा बाजूला ठेवून कंपनीला सगळ्यात कठीण दिवसाबद्दल विचारा. सरासरी नको, तो एक दिवस हवा. त्या दिवशी एकूण चढ किती, उतार किती, विश्रांती सोडून चालण्याचे तास किती, पायाखाली काय, आणि तो कितव्या दिवशी येतो? मग विचारा की त्या दिवशी एखाद्याला चालायचं नसेल तर काय सोय आहे, आणि गेल्या वेळी कुणी मधूनच सोडलं असेल तर नेमकं कुठे आणि कशामुळे. नीट चालवणाऱ्या माणसाकडे याची उत्तरं तयार असतात, बहुधा तो स्वतः त्या वाटेने गेलेला असतो. समोरून ‘तुम्ही काळजीच करू नका’ एवढंच आलं, तर ती सहल विकणाऱ्याला वाट माहीत नाही असं मी समजतो.

स्वतःचं मापही आकड्यातच घ्या. जवळच्या कुठल्याही टेकडीवर, सहलीत असेल तेवढंच ओझं घेऊन, बोलता येईल अशा चालीने चढा आणि तासाला किती मीटर चढ होतो ते मोजा. ताशी ३०० मीटर होत असेल तर जर्मन पाट्यांचा हिशेब तुम्हाला लागू पडतो. दोनशे होत असेल तर हजार मीटरच्या चढाला तीन तास वीस मिनिटांऐवजी पाच तास धरा आणि तसा दिवस जमेल का ते ठरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच टेकडी पुन्हा चढा. पहिल्या दिवशीपेक्षा हा दुसरा दिवस जास्त काही सांगून जातो, विशेषतः उतरताना.

दोघं-तिघं मिळून जाणार असाल तर ‘आपल्यातल्या सगळ्यात कमजोर माणसाला झेपेल ते निवडू’ असं ठरतं. पण कमजोर कशात, ते आधी बघायला हवं. एकाचा दम कमी, दुसरीचे गुडघे दुखरे, तिसऱ्याला दरी बघवत नाही. अशा गटाला एकच श्रेणी लावून भागत नाही. ज्या मार्गावर दिवस गाळता येतो, तो मार्ग त्यांना सोयीचा. आल्प्समधल्या माँ ब्लां या शिखराभोवतीची प्रदक्षिणा सुमारे १७० किलोमीटरची आणि एकूण दहा हजार मीटर चढाची. साधारण दहा-अकरा दिवस रोज एक तरी मोठी चढण असतेच. पण तिथे बऱ्याच टप्प्यांवर खोऱ्यातून बस किंवा तारेवरच्या पाळण्याची (रोपवेची) सोय आहे. गुडघे दुखणारीने तो उतार टाळून संध्याकाळी बाकीच्यांना मुक्कामावर गाठायचं म्हटलं तर जमतं. बेस कॅम्पच्या वाटेवर दिंगबोचेच्या पुढे तशी काही सोय नाही. एकाला परतायचं असेल तर आल्या वाटेने पायीच किंवा खेचरावर, बरोबर कुणीतरी देऊन, आणि प्रकृती बिघडली तर हेलिकॉप्टर. त्यासाठी निघण्यापूर्वीच विमा काढलेला असावा आणि त्यात तेवढी उंची समाविष्ट आहे का, हे कागदावर वाचून घ्यावं. पुष्कळ साध्या प्रवास विम्यांमध्ये ठरावीक उंचीच्या वरचा ट्रेक धरलेलाच नसतो.